ख्यातीचा वाटा

सप्टेंबर २०२५ मध्ये स्वीडनच्या आर्मांड डुप्लांटिसने टोकियोत बांबूउडीत ६.३० मीटरची उंची ओलांडली. आमच्या वसतिगृहात ती उडी न पाहिलेला मुलगा सापडणे कठीण. पण त्याला उडी शिकविली कोणी, असे विचारताच सारे गप्प! स्वतः बांबूउडीपटू असलेले त्याचे वडील ग्रेग हे त्याचे प्रशिक्षक. खेळाडूची कारकीर्द म्हणजे पदके आणि छायाचित्रे, असा आपला हिशेब ठरून गेला आहे. तो अपुरा आहे असे माझे स्पष्ट मत आहे, आणि माझा दाखला बडोद्याच्या दांडिया बाजारातला आहे.

माझी मावशी बडोद्याला असते, म्हणून हा भाग माझ्या पायाखालचा. मराठी माणसांच्या या जुन्या वस्तीत श्री जुम्मादादा व्यायाममंदिर आहे. तालमीला (कन्नड विभागातील आमचे मित्र तिला गरडीमने म्हणतात) मंदिर म्हणण्यात नवल नाही. नवल हे की, ते एका मुसलमान उस्तादाच्या नावाचे मंदिर आहे! आणि ते नाव पुढे चालविले त्यांच्या हिंदू शिष्याने, प्रो. माणिकरावांनी.

माणिकराव (१८७८–१९५४) काही लहान असामी नव्हते. बडोदे संस्थानची ‘राजरत्न’ पदवी त्यांना होती. कुस्ती, लाठी, मल्लखांब तर होतेच. पण शेकडो मुलांना एका वेळी देता येईल असा सांघिक व्यायाम त्यांनी बसविला आणि कवायतीच्या इंग्रजी हुकुमांऐवजी हिंदी हुकूम रूढ केले. हाडे बसविण्यातही त्यांचा हातखंडा होता. अशा माणसाने संस्थेला स्वतःचे नाव दिले असते तर कोण हरकत घेणार होते? त्यांनी उस्तादांचे नाव ठेवले. त्यांच्याच हाताखाली १९०७ ते १९१० या काळात जगन्नाथ गणेश गुणे हा तरुण तयार झाला. हेच पुढे स्वामी कुवलयानंद झाले आणि १९२४ साली त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले. ही सारी कारकीर्द मोजायला कोणते पदक पुरेल?

आम्ही वाणिज्य शाखेची मुले. भागीदार निवृत्त झाला की ख्यातीतील त्याचा वाटा त्याच्या भांडवल खात्यात जमा करतो. त्याशिवाय ताळेबंद बरोबर धरीत नाहीत. मग खेळातच हा वाटा का बुडवायचा?

माझा एक मित्र म्हणतो, “उडी शेवटी उडणाऱ्याची. मान मोडली तर त्याचीच मोडेल.” खरे आहे. मोठा वाटा त्याचाच. पण सगळा नव्हे. आणि हल्ली तर खेळाडूपेक्षा त्याच्या बुटांच्या कंपनीचे नाव लोकांना आधी आठवते. तिचा वाटा मात्र कोणी विसरत नाही.

आपल्या जिमखान्यातील विजेत्यांचा फळा पाहा. वर्ष आणि खेळाडूचे नाव, असे दोनच रकाने. पहाटे साडेपाचला मैदानावर शिट्टी घेऊन उभ्या राहणाऱ्या माणसाला त्यावर जागा नाही. तिसरा रकाना आखायला रंगाचा एक लहान डबा लागेल. मागील वर्षांची नावे जुन्या शिक्षकांना आणि माजी विद्यार्थ्यांना विचारून भरता येतील. जिमखाना समितीने मनावर घेतल्यास विचारपूस करण्याचे काम मी आणि माझे दोन मित्र आनंदाने करू.