चालतंय तोवर चालू द्या? मग पिस्टनचे पैसे तयार ठेवा

वादळी पावसात बांधावरची झाडं आडवी झाली की घरोघरच्या चेनसॉ बाहेर निघतात आणि मग तोच प्रश्न येतो: मशीन जुनी आहे, रेस एकसारखी राहत नाही, क्रँकची ऑइल सील बदलावी का? उत्तरही ठरलेलं. "चालतंय तोवर चालू द्या, ऑइल थोडं जास्त टाका." या सल्ल्याला माझा सरळ विरोध आहे.

सीलचं काम समजून घ्या. टू-स्ट्रोक इंजिनाला खाली वेगळं ऑइल नसतं. पेट्रोल आणि टू-टी ऑइलचं मिश्रण क्रँककेसमधूनच वर जातं. क्रँकच्या दोन टोकांना दोन सील, एक मॅग्नेटकडे, एक क्लचकडे. रबर कडक झालं की तिथून हवा आत ओढली जाते. हवा वाढली की पेट्रोल कमी पडतं आणि त्याच्यासोबत येणारं ऑइलही. इंजिन तापतं, पिस्टनवर चरे पडतात आणि एक दिवस जाम.

ऑइल जास्त टाकून यातलं काय सुधारतं? १:५० म्हणजे लिटरला २० मिली. तुम्ही ४० टाकलं तर मिश्रणात पेट्रोलचा वाटा उलट घटला. हवेची वाट तशीच उघडी, वर सायलेन्सरमध्ये काजळी. कार्बोरेटरचा स्क्रू फिरवून रेस जुळवणं हाही आजार झाकायचाच प्रकार.

दुसरी गोष्ट जिवाची. ट्रिगर सोडल्यावर रेस खाली आली नाही तर चेन फिरतच राहते. एका फांदीवरून दुसऱ्या फांदीकडे वळताना ती चेन तुमच्या मांडीजवळ असते. तिथं "चालतंय" म्हणणाऱ्याला काय बोलणार?

पण "जुनी आहे ना, सील टाकूनच घ्या" हेही मला मान्य नाही. वय बघून पार्ट बदलणं म्हणजे माती न तपासता खत टाकणं. पेट्रोलची नळी चिरली, कार्बोरेटर आणि सिलिंडरमधला रबरी जोड फाटला, टाकीतला फिल्टर तुंबला, तरी लक्षणं जवळपास तीच. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल. जुन्या बहुतेक मशिनींचं रबर ते धरून बनवलेलं नाही. म्हणून आधी हे स्वस्तातलं बघा.

मग टेस्ट करून घ्या. इनटेक आणि एक्झॉस्ट बंद करून साधारण ०.५ बार हवा भरायची, काटा टिकतो का बघायचं. सांध्यांवर साबणाचं पाणी लावलं की गळती बुडबुड्यांनी दिसते. बरेच मेकॅनिक इथेच थांबतात, आणि चूक इथेच होते. सीलची ओठासारखी कड आतल्या बाजूला असते. आतून दाब आला की ती शाफ्टला आणखी चिकटते, म्हणून खराब सीलही पास होतं. हवा ओढून व्हॅक्यूम धरल्यावरच खरं कळतं. दोन्ही टेस्ट न करता कोणी "सील गेलंय" किंवा "सील चांगलंय" म्हणालं तर तो अंदाज समजा.

आता निर्णय. सायलेन्सर काढून पिस्टन बघा आणि क्रँक हातानं वर-खाली हलवून बघा. पिस्टन गुळगुळीत, क्रँकला हालचाल नाही आणि व्हॅक्यूम टिकत नाही, तर दोन्ही सील बदला, एकच नाही. पिस्टन-सिलिंडरच्या किटपुढे हा खर्च किरकोळ आहे. क्रँक हलत असेल तर बेअरिंग गेलं, नुसतं नवं सील तिथं टिकणार नाही. पिस्टनवर उभे चरे असतील तर सगळा खर्च मांडून मगच ठरवा.

"एवढ्यापेक्षा स्वस्तातली नवी घ्या" म्हणणाऱ्यांनाही एक सांगतो, त्या नव्या मशीनमध्येही रबराचीच सील आहेत. तीही कडक होणार.

सील माप बघून घ्याच, पण पेट्रोल आणि उष्णता सोसणारं आहे का तेही विचारा. काढताना स्क्रूड्रायव्हरचा ओरखडा शाफ्टवर येऊ देऊ नका. क्लच बहुतेक मशिनींवर उलट आट्यांचा असतो, जोर लावण्याआधी बघा.

पटलं तर घ्या. नाही पटलं तर मशीन पुन्हा चालू करण्याआधी एकदा सायलेन्सर खोलून पिस्टन तरी बघा.