गर्भारशीला कोणी विचारले?

करोनाची साथ सरली असे आता सगळेच म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी जागतिक आणीबाणी उठवली. पण त्या तीन वर्षांत ज्या बायका पोटुशी होत्या, बाळंत झाल्या, त्यांच्या वाट्याला काय आले याचा हिशेब आपण अजून मागितलेला नाही.

आधी आजार समजून घेऊ. करोना झालेल्या बहुतेक गर्भवती थोड्या तापा-खोकल्यावर बऱ्या झाल्या, हे खरे. पण गरोदरपणात वाढते गर्भाशय श्वासपटलाला वर ढकलते, प्राणवायू जास्त लागतो, रक्त गोठण्याकडे कल असतो. अशा शरीरात हा विषाणू फुप्फुसात उतरला की बाई लवकर अत्यवस्थ होते. रक्तदाब वाढणे, दिवस पूर्ण होण्याआधी बाळंतपण होणे, यांचेही प्रमाण वाढते. कधी वारेलाच इजा होते आणि बाळ पोटातच दगावते. अमेरिकेतल्या बाळंतपणांच्या नोंदींत करोनाबाधित मातांमध्ये मृत बाळ जन्मण्याचा धोका सुमारे दुप्पट दिसला. डेल्टाच्या लाटेत तो चौपट झाला.

आपल्याकडे काय झाले? मुंबईच्या नायर रुग्णालयात आलेल्या १५३० करोनाबाधित गर्भवती व बाळंतिणींच्या नोंदी तपासल्या गेल्या. पहिल्या लाटेत १०० पैकी एकही पुरती नाही, म्हणजे ०.७ टक्के बायका दगावल्या. दुसऱ्या लाटेत हे प्रमाण ५.७ टक्के झाले. हे मोठ्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयाचे आकडे आहेत. तिथे पोचलेल्या बायका तरी मोजल्या गेल्या. ज्या पोचल्याच नाहीत त्यांचे काय?

आता लसीचे बघा. देशात लसीकरण १६ जानेवारी २०२१ ला सुरू झाले. गर्भवतींना परवानगी मिळाली २ जुलैला. मधल्या साडेपाच महिन्यांत दुसरी लाट येऊन गेली. कारण काय, तर लसीच्या सुरुवातीच्या चाचण्यांत गर्भवतींना घेतलेच नव्हते, म्हणून माहिती नव्हती. आणि माहिती नाही म्हणून लस नाही! याला म्हणे काळजी. घरात सासू-नवरा जे करतात तेच सरकारने आणि औषध कंपन्यांनी केले. बाईच्या भल्याचा निर्णय बाईला न विचारता घेतला. पुढे परवानगी आली तेव्हा 'लसीने गर्भ पडतो' ही भीती घराघरांत बसली होती. लसीने गर्भपात वाढत नाहीत हे अभ्यासांतून दिसले, पण तोवर किती जणी लसीशिवाय राहिल्या?

मेहकरच्या बाईचा प्रश्न तर रस्त्यापासूनच सुरू होतो. बाळंतपण अडले तर चिखलीवरून बुलढाणा साठ-सत्तर किलोमीटर. त्याहून मोठा इलाज हवा तर अकोल्याचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आणखी लांब. टाळेबंदीत एसटी बंद, खासगी गाडीला परवाना हवा. शेजारून आता समृद्धी महामार्ग गेला आहे. पण कळा सुरू झालेल्या बाईला रात्री दोन वाजता गाडी, रक्त आणि भूलतज्ज्ञ मिळाला नाही तर त्या महामार्गाचा तिला काय उपयोग? त्यात मुळात अंगात रक्त कमी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या जवळजवळ निम्म्या गर्भवतींना पांडुरोग होता. हा विषाणूने आणलेला नव्हे, पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे.

आणि या सगळ्यात घरोघर फिरली कोण? आशाताई. करोनाच्या कामाचे तिला महिना हजार रुपये, म्हणजे दिवसाला तेहतीस. जून २०२१ मध्ये राज्यातल्या हजारो आशांना संपावर जावे लागले, तेव्हा कुठे थोडी वाढ मिळाली. गर्भारशीची नोंद ठेवणारीही बाईच आणि तिच्याच श्रमाला मोल नाही.

मैत्रिणींनो, हळहळ पुरे झाली. आपण निदान चार गोष्टी मागू या. मार्च २०२० पासूनच्या दोन वर्षांत तालुक्यात किती माता दगावल्या, किती बाळे मृत जन्मली, आणि त्या प्रत्येक मृत्यूचे अन्वेषण झाले का, हे माहितीच्या अधिकारात विचारू या. साथ असो वा नसो, तपासणीचा कागद नाही म्हणून कळा येणाऱ्या बाईला दारातून परत पाठवता येणार नाही, असा लेखी आदेश मागू या. मेहकरमध्ये चोवीस तास सिझेरियनची आणि रक्ताची सोय मागू या. आणि नव्या लसी-औषधांच्या चाचण्यांत गर्भवतींना, त्यांना नीट माहिती देऊन आणि त्यांच्याच संमतीने, सामील करून घ्या असा आग्रह धरू या.

पुढची साथ कधी येईल ते सांगता येत नाही. पण ती येईल तेव्हा गावोगावी बायका पोटुशी असणारच. हा विषय आपापल्या मंडळाच्या पुढच्या बैठकीत घ्या, आणि आपल्या गावात कोणाबरोबर काय घडले ते बायकांच्याच तोंडून लिहून काढा. सरकारी कागदात जे नाही ते आपल्या वहीत तरी असू द्या.