शेतकऱ्याचें मूल आणि राखणीचा कुत्रा

पोळ्यास बैल सजतो, प्रदर्शनांत गाईम्हशींस बक्षिसें मिळतात. परंतु रात्रभर मळा राखणाऱ्या कुत्र्याकडे आपलें लक्ष जातें तें तो कोणास चावल्यावरच. अमेरिकेंत १९०२ सालीं निघालेल्या मुलांच्या शेतकी मंडळांतून पुढें ‘फोर-एच’ ही चळवळ वाढली. तिच्यांतील मुलें जिल्ह्याच्या जत्रेंत स्वतः शिकविलेले कुत्रे रिंगणांत आणतात. हाताळणीच्या स्पर्धेंत गुण मिळतात ते मुलाच्या कौशल्यास. कुत्र्याच्या वंशावळीस नव्हेत.

पुण्याच्या भीमथडी जत्रेसारख्या मेळाव्यांत अशी स्पर्धा मुलामुलींकरितां ठेवावी, असें आमचें मत आहे. हाकेसरशीं परत येणें, मेंढरांत शांत राहणें, परक्यानें हात लावला असतां न चावणें, एवढ्या तीन परीक्षा पुरेत. यानें कारवान कुत्र्यांचे भाव चढतील व ही श्रीमंतांची हौस होऊन बसेल, अशी शंका कोणी घेईल. म्हणूनच जातीस गुण नसावेत. वाडीवरचा गांवठी कुत्राही जिंकूं शकला पाहिजे. मात्र रेबीजची लस टोचल्याचा दाखला नसेल त्यास प्रवेश देऊं नये. कारण लक्षणें दिसूं लागल्यावर या रोगांतून माणूस जवळजवळ कधींच वांचत नाहीं.

जें मूल कुत्र्यास धीरानें शिकवील, तें उद्यां बैलावर आसूड उगारण्यापूर्वीं खचित विचार करील.