तोंड जुळलें म्हणजे बोलणें जुळलें असें नव्हे

वजनकाटा, दुधांतील स्निग्धांश तपासणारें यंत्र, हवामानाची नोंद ठेवणारी पेटी, अशा कित्येक जुन्या यंत्रांच्या पाठीमागें नऊ पिनांचें एक तोंड असतें. त्यांतून आंकडे एकामागून एक ओळीनें बाहेर पडतात, म्हणून त्यास सीरियल पोर्ट म्हणतात. आज आमच्या खिशांत मोबाईलच्या रूपानें हातसंगणक आला आहे. पण त्यास असें तोंड नाहीं. तेवढ्याच कारणावरून चालतें यंत्र मोडींत काढून नवें घ्यावें, असा सल्ला कित्येकदां ऐकूं येतो. तो आम्हांस मान्य नाहीं.

ही अडचण आजची नव्हे. 1996 सालीं अमेरिकेंत पामचा पायलट नांवाचा हातसंगणक निघाला. त्याची केबल टेबलावरील संगणकास जोडण्यासाठीं बांधलेली होती. तीच मोडेमला लावूं गेल्यास तोंडें जमत नसत. आणि जमविलीं तरी एकाची पाठविण्याची तार दुसऱ्याच्या पाठविण्याच्या तारेसच भिडे. दोघेहि बोलणारे, ऐकणारा कोणी नाहीं, अशी गत होई. तारांची अदलाबदल करणारा लहानसा जोड मध्यें घातला, कीं काम चाले.

मोबाईलचीहि गोष्ट तीच. त्यास ओटीजी जोड व यूएसबी-सीरियल अडॅप्टर लागतो. अडॅप्टरच्या नऊ पिनांपैकीं दुसरी ऐकते, तिसरी बोलते व पांचवी सामाईक असते. यंत्राची बोलणारी तार दुसरीस मिळाली पाहिजे. दोहोंचा वेगहि एकच हवा. यंत्र सेकंदास 9600 बिट पाठवीत असतां मोबाईल 4800 नें ऐकूं लागला, तर आंकड्यांऐवजीं निरर्थक चिन्हें उमटतात. शिवाय आरएस-232 पद्धतींत धन व ऋण 3 ते 15 व्होल्टपर्यंतचा दाब येतो. बाजारांतील कांहीं स्वस्त जोड केवळ 3.3 किंवा 5 व्होल्टांचे असतात. ते अशा यंत्रास थेट लावल्यास जळण्याचा संभव असतो.

कोणी म्हणतील, एवढी यातायात कशास? बिनतारी नवें यंत्र घेतलें कीं झालें. यंत्र झिजलें असेल, तर तें खुशाल घ्यावें. पण मोबाईल जोडल्यानें काट्याचें वजन अधिक खरें होत नाहीं. आणि केबलपायीं सरकारी शिक्क्याचा काटा उघडणें तर सर्वथा वर्ज्य होय.

आमचें म्हणणें इतकेंच, कीं यंत्र विकत घेतांनाच कोणती पिन काय करते, वेग किती, दाब किती व आंकडे कोणत्या क्रमानें येतात, हें विक्रेत्याकडून लेखी घ्यावें. गांवोगांवच्या सहकारी संस्थांनीं तपासलेली एकेक केबल जवळ ठेवून ती सभासदांस पारखावयास द्यावी. कोणत्या गाईनें किती दूध दिलें, ही नोंद शेतकऱ्याची मालमत्ता आहे. ती थोडक्या किमतीच्या तारेअभावीं यंत्रांत अडकून पडावी, हें आम्हांस शोभत नाहीं.