पहाऱ्याच्या पाळीत आपले नाव

देहू-आळंदी आमच्या कामाच्या टापूतच येतात. चाकणच्या कारखान्यांत कंत्राटावर राबणाऱ्या, भोसरी-निगडीच्या वस्त्यांत राहणाऱ्या कितीतरी बाया एकादशीला तिकडे जातात. वारीत त्या डोक्यावर तुळस घेऊन चालतात. पण आमच्या भागातल्या सप्ताहांच्या पत्रिका उघडून पाहा. कीर्तनकारांत बाई असलीच तर एखादी. विण्याच्या पहाऱ्याला सगळे पुरुष, आणि चुलीपुढे सगळ्या बाया. कारण विचारले तर म्हणतात, रात्रीचा पहारा बायांना झेपायचा नाही. कंपनीतली रात्रपाळी झेपते ती!

मैत्रिणींनो, दार उघडणे वेगळे आणि आत जागा मिळणे वेगळे. पंढरपूरचे दार दलितांना उघडावे म्हणून साने गुरुजींनी १९४७ मध्ये उपोषण केले. शनिशिंगणापूरचा चौथरा स्त्रियांना खुला व्हायला २०१६ उजाडले. ते लढे हवेच होते. पण दर्शन पाच मिनिटांचे असते. भजनाला आठवडा न् आठवडा शेजारी बसायचे असते.

एका वस्तीतल्या सप्ताहात एक तृतीयपंथी येत असे. आवाज उत्तम, चाली पाठ. पुरुषांत टाळ धरला तर पोरे हसत, बायांत बसली तर बाया सरकत. चौथ्या दिवसापासून ती आली नाही. तिला ‘जा’ असे कुणीच म्हटले नव्हते. बारशाला हिचाच आशीर्वाद लागतो, पंगतीत मात्र शेजारचे पान रिकामे! समलिंगी मुलगे-मुली तर मंडळांत आहेतच, फक्त बोलत नाहीत. २०१८ मध्ये कायद्याने त्यांना गुन्हेगार मानणे सोडले. पिंपरी-चिंचवड महापालिकेने २०२२ मध्ये तृतीयपंथीयांना कामावर घेतले. महापालिकेला जमते ते भजनी मंडळाला का जमू नये?

परंपरेचे नाव सांगणाऱ्यांनी देहूत येऊन राहिलेली बहिणाबाई आठवावी. ब्राह्मण घरातल्या या बाईने तुकोबांना गुरू केले. भक्तीपायी नवऱ्याचा मार खाल्ला, देहूत मंबाजीचा छळ सोसला. तिनेच ते अभंगांत सांगून ठेवले आहे. तरी ती कीर्तनाला बसत राहिली.

धर्म हा आपला प्रांत नाही, असे आपल्या गटांत पुष्कळदा म्हटले जाते. मला ते पटत नाही. आपल्या बाया तिथे आहेतच. तेव्हा पत्रिका छापण्याआधीच्या बैठकीला जावे, पहाऱ्याच्या पाळीत नावे घालावीत, त्या न आलेल्या मैत्रिणीला घरी जाऊन बोलावून आणावे. ‘विटाळाचे काय?’ हा प्रश्न येईलच, आणि बहुधा बायाच तो विचारतील. विटाळावर सोयराबाईंचा अभंग आहे. त्या बैठकीत तोच म्हणायला घ्यावा.