तुझा विश्वास कमी नाही, ताई. तुझी जखम खरी आहे

गेल्या महिन्यात वस्तीतल्या महिला बचत गटाची बैठक संपल्यावर एक मुलगी मागे थांबली. नर्सिंगचं शिक्षण घेतलेली, तिसऱ्या पिढीची ख्रिस्ती. आजोबा नगर जिल्ह्यातले, जातीने महार. दर रविवारी न चुकता उपासनेला जाणारी. म्हणाली, "ताई, देव सगळ्यांवर प्रेम करतो हे मला पाठ आहे. पण तो माझ्यावर प्रेम करतो, हे काही केल्या मनाला पटत नाही. पाळकसाहेब म्हणतात, तुझा विश्वास कमी पडतो. जास्त प्रार्थना कर, पाप कबूल कर."

मी बौद्ध आहे, देव मानत नाही. तिला देवाचं प्रेम पटवून देणं हे माझं काम नाही आणि तिची श्रद्धा मोडणं हेही नाही. पण "तुझा विश्वास कमी आहे" या उत्तरावर माझा आक्षेप आहे, आणि तो इथे नोंदवणं मला गरजेचं वाटतं.

साथींनो, जरा विचार करा. ज्या माणसाच्या पणजीला पाणवठ्यावर उभं राहू दिलं नाही, ज्याच्या आजोबांचं नाव गावाने कधी धड उच्चारलं नाही, त्या घरात "मी प्रेम करण्याच्या लायकीचा आहे का?" हा प्रश्न कुठून येतो? तो बायबल नीट न वाचल्यामुळे येत नाही. हजारो वर्षं जातीने शिकवलेला तो धडा आहे. जात फक्त विहीर आणि जमीन हिसकावत नाही, माणसाची स्वतःविषयीची किंमतही हिसकावते. समाजशास्त्रात एम.ए. करताना कलंकावर बरंच वाचलं. तो माणसाच्या आत कसा घर करून बसतो, हे मात्र मला वस्तीनेच शिकवलं.

बाबासाहेबांनी हा रोग फार आधी ओळखला होता. धर्मांतरित ख्रिस्त्यांच्या स्थितीवर त्यांनी लिहिलं आहे, ते आपल्यापैकी किती जणांनी वाचलं आहे? त्यांचा मुद्दा साधा आणि जिव्हारी लागणारा आहे. अस्पृश्य हिंदू होता तेव्हा त्याला सांगितलं गेलं, तुझी अधोगती तुझ्या पूर्वकर्मामुळे. ख्रिस्ती झाल्यावर सांगितलं गेलं, तुझी अधोगती आदामाच्या पापामुळे. दोन्हीकडे दोष त्याच्याच माथी. समाजव्यवस्था दोन्हीकडे निर्दोष सुटली! ज्या परिस्थितीने तुला खाली दाबलं तिच्यावर हल्ला कर, असं त्याला कोणी सांगितलं नाही.

आज त्या मुलीला "जास्त प्रार्थना कर" म्हणणारा पाळक नेमकं तेच करतो आहे. जखम व्यवस्थेने केली आणि औषध मात्र जखमीनेच आपल्या आत शोधायचं.

आणि हे प्रेम मंडळीत दिसतं तरी कसं? तमिळनाडूत तिरुचिरापल्लीच्या मेलपुदूर भागात कॅथलिकांची स्मशानभूमी आहे. तिथे दलितांची थडगी आणि इतरांची थडगी यांच्यामध्ये भिंत उभी केली गेली. मेल्यावरही भिंत! कॅथलिक बिशपांच्या राष्ट्रीय परिषदेने २०१६ मध्ये दलितांविषयीचं धोरण जाहीर केलं, तेव्हा चर्चमध्ये भेदभाव आहे हे त्यांना स्वतःलाच मान्य करावं लागलं. देवाच्या प्रेमाची ओळख माणसाला माणसांमार्फतच होते. माणसं भिंत बांधतात आणि वर विचारतात, तुला प्रेम का जाणवत नाही?

मिशनऱ्यांनी शाळा काढल्या, दवाखाने काढले, हे मी नाकारत नाही. जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, हे विसरण्याइतके आपण कृतघ्न नाही. ख्रिस्ती समाजातूनही या प्रश्नावर आवाज उठला. महाराष्ट्रातले अरविंद निर्मल यांनी १९८० च्या दशकात दलित धर्मचिंतनाची मांडणी केली आणि दलितांचं दुःख बाजूला ठेवून देवाविषयी बोलता येणार नाही, असं ठणकावलं. म्हणजे त्या मुलीचा प्रश्न एकटीचा नाही. तिच्याच धर्मातल्या विचारवंतांनी तो चर्चच्या तोंडावर विचारला आहे.

आता आपल्याकडे वळते, कारण बोट फक्त दुसऱ्याकडे दाखवून चालणार नाही. आपली काही पोरं ख्रिस्ती दलितांना "तांदूळवाले" म्हणून हिणवतात. लाज वाटली पाहिजे! पोटाची भूक आणि मानाची भूक घेऊन गाव सोडलेल्या आपल्याच भावकीला आपण मनुवाद्यांच्या भाषेत शिव्या घालतो?

कायद्याने त्यांचं काय केलं तेही बघा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख दलित आले. आपण बौद्धांना केंद्रात तो हक्क मिळायला १९९० उजाडलं. दलित ख्रिस्ती आणि दलित मुस्लीम आजही बाहेर आहेत. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये धर्माची अट काढा म्हटलं. अट तिथेच आहे. सुसाई नावाचा मद्रासचा चांभारकाम करणारा माणूस सर्वोच्च न्यायालयात गेला होता. रस्त्यावर बसून जोडे शिवणाऱ्यांना सरकारने टपऱ्या दिल्या. हा ख्रिस्ती म्हणून त्याला नाही. धंदा तोच, रस्ता तोच. १९८५ मध्ये न्यायालयाने म्हटलं, धर्मांतरानंतरही तितकाच मागासलेपणा टिकतो याचा पुरेसा पुरावा नाही. चर्च म्हणतं विश्वास अपुरा, कोर्ट म्हणतं पुरावा अपुरा. या माणसाकडे पुरेसं आहे तरी काय?

"ख्रिस्ती धर्मात जात नाही, मग सवलत कशाला?" असं विचारणाऱ्यांना माझा उलट सवाल आहे. धम्मात तरी जात कुठे आहे? तरी गावाने आपली जात सोडली का? "आपला वाटा कमी होईल" ही भीतीही ऐकते. ती खोटी नाही. म्हणून मागणी अशी हवी की लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा वाढवा आणि धर्माची अट काढा. १९९० पर्यंत आपण दाराबाहेर उभे होतो. आता आत आलो म्हणून कडी लावायची का?

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये सांगितलं की नुसतं प्रेम पुरेसं नाही, मैत्री हवी. प्रेम वरून खाली दिलं जाऊ शकतं. मैत्री मात्र शेजारी बसल्याशिवाय होत नाही.

त्या मुलीला मी एवढंच म्हटलं, "तुझ्यात खोट नाही. देव मानायचा की नाही ते तू ठरव. पण तुला कमी लेखणाऱ्या भिंतीला तू स्वतःचं पाप समजू नकोस." ती बराच वेळ रडली. मग म्हणाली, "हे मला आजवर कुणीच सांगितलं नव्हतं."

पुढच्या बैठकीत आम्ही १९५० चा आदेश सगळ्याजणींसमोर वाचणार आहोत. ती येणार आहे, तिच्या मंडळीतल्या आणखी दोघींना घेऊन. तुमच्याही वस्तीत असं एखादं घर असेल. तिथे जा, वाद घालायला नको, शेजारी बसायला जा.

जय भीम!