शालेय क्रीडास्पर्धांत पालिका व अनुदानित शाळांतील मुलांना बरोबरीची संधी मिळण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. आयुक्त, बृहन्मुंबई महानगरपालिका, महापालिका मार्ग, मुंबई
मा. जिल्हा क्रीडा अधिकारी, मुंबई शहर

प्रत माहितीसाठी व उचित कार्यवाहीसाठी: मुंबई स्कूल्स स्पोर्ट्स असोसिएशन

विषय: मैदान, क्रीडाशिक्षक, संघबांधणी आणि स्पर्धेचे नियम यांबाबतच्या मागण्या

महोदय,

गिरगाव, दादर, परळ आणि लालबाग भागांतील पालिका शाळांत व खासगी अनुदानित शाळांत शिकणाऱ्या मुलांचे आम्ही पालक. आमच्यासोबत या शाळांचे माजी विद्यार्थी आणि काही आजी-माजी क्रीडाशिक्षकही आहेत. आपल्यापुढे पुढील म्हणणे मांडत आहोत.

महापालिका मुख्यालयासमोरचा रस्ता ओलांडला की आझाद मैदान लागते. नोव्हेंबर 2019 मध्ये तिथे हॅरिस शील्ड या शालेय क्रिकेट स्पर्धेच्या पहिल्या फेरीचा एक सामना झाला. एका संघाच्या 4 बाद 761 धावा झाल्या. दुसरा संघ 6 षटकांत 7 धावांत आटोपला. एकाही फलंदाजाला खाते उघडता आले नाही, सातही धावा अवांतर. पराभव 754 धावांचा. वर्तमानपत्रांनी ही बातमी विक्रम म्हणून, काहीशी गमतीने, छापली. आम्हाला मात्र त्यातला वेगळाच आकडा खुपला. त्या 761 पैकी 156 धावा बॅटमधून आलेल्याच नव्हत्या. तीन तासांत 45 षटके टाकायची होती, त्या मुलांना 39 टाकता आली, म्हणून राहिलेल्या षटकांपोटी लावलेला तो दंड होता. ज्यांचे चेंडू सारखे सीमेपार जात आहेत त्यांनी षटकांची गती राखायची तरी कशी? नियम सर्वांना सारखा लावला हे खरे, पण त्याचा मार दुबळ्यालाच बसला. हरलेल्या शाळेचे नाव आम्ही इथे घेत नाही. त्या मुलांचे व्हायचे तेवढे हसे झाले आहे.

एक गोष्ट स्वच्छपणे सांगितली पाहिजे. त्या सामन्यातल्या दोन्ही शाळा खासगीच होत्या. त्यामुळे ‘पालिका विरुद्ध खासगी’ असा सरळ तंटा आम्ही मांडत नाही. मुंबईत एका टोकाला पालिकेच्या शाळा आहेत. मध्ये गिरगाव-दादरच्या जुन्या संस्थांच्या अनुदानित शाळा आहेत. त्या नावाला खासगी, पण मुलांकडून वाटेल तशी फी घेऊ शकत नाहीत आणि तुटपुंज्या वेतनेतर अनुदानावर दिवस काढतात. दुसऱ्या टोकाला विनाअनुदानित आणि आंतरराष्ट्रीय मंडळांच्या शाळा आहेत, त्यांच्या दिमतीला स्वतःचे टर्फ, पगारी प्रशिक्षक आणि संघाची बस. स्पर्धेच्या कार्यक्रमपत्रिकेवर हे सगळे एकाच ओळीत उभे केले जातात.

काही मंडळी यावर सोपा तोडगा सुचवतात: पालिका शाळांना वेगळी ढाल, वेगळी स्पर्धा द्या. आमचा याला ठाम विरोध आहे. आमच्या मुलांना मुंबईचीच स्पर्धा खेळायची आहे. मुंबई स्कूल्स स्पोर्ट्स असोसिएशन 1893 पासून काम करते आणि हॅरिस व गाइल्स शील्डला या शहरात जो मान आहे तो कोणत्याही नव्या करंडकाला मिळणार नाही. वेगळी पंगत मांडून समता येत नसते, हे या शहराला आम्ही सांगावे असे नाही.

आता मैदानांविषयी. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेला क्रीडांगण असावे असे लिहिले आहे. गिरगावातल्या चाळींना खेटून उभ्या असलेल्या शाळांत ते कुठून काढणार, हे आम्हालाही कळते. लालबाग-परळची गोष्ट मात्र वेगळी आहे. 1982 च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे थांबले, जमिनी मोकळ्या झाल्या आणि त्यांवर टॉवर उभे राहिले. त्या टॉवरांच्या पोडियमवर क्लब हाउस आणि टेनिस कोर्ट आहे. खाली राहणाऱ्या गिरणी कामगारांच्या नातवंडांना नरे पार्क आणि कामगार मैदान एवढाच आधार उरला आहे. तेही वर्षभर नाही. शालेय स्पर्धांचा हंगाम पावसाळ्यात सुरू होतो आणि दिवाळीच्या मागेपुढे ऐन भरात येतो. या दिवसांत मैदानात आधी चिखल असतो, मग मांडव. गणपती आमचेही आहेत, वर्गणी आम्हीही देतो आणि मंडळांत आमचीच मुले राबतात. तक्रार मांडव उतरल्यानंतरची आहे. बांबू काढले की खड्डे राहतात, कोणीतरी त्यांत डेब्रिज लोटते, वरून माती पसरते आणि आठवड्याने तिथेच कबड्डीचा सराव सुरू होतो. पकड करताना गुडघा टेकला की मातीखालून फरशीचा तुकडा वर येतो. रस्त्यावर खड्डा केला तर महापालिका मंडळाला दंड करते. मैदानातल्या खड्ड्याला वाली नाही.

उरलेल्या काळात दुसरी अडचण उभी राहते. पालिकेच्या अनेक मैदानांवर संध्याकाळी खासगी अकादम्यांचे वर्ग भरतात. मैदान जनतेचे, फी अकादमीची. सव्वापाचला शाळा सुटलेला मुलगा तिथे पोहोचतो तेव्हा जाळ्या लागलेल्या असतात आणि त्याला कुंपणाकडेच्या पट्ट्यात खेळावे लागते. शिवाजी पार्कवर क्रिकेट प्रशिक्षक आचरेकर सरांनी मुले घडवली ती सार्वजनिक मैदानात, हे आज सगळे अभिमानाने सांगतात. ते मैदान तेव्हा मुलांना मिळत होते.

म्हणून आमची पहिली आणि सर्वांत महत्त्वाची मागणी: परळ, लालबाग, नायगाव, दादर आणि गिरगाव परिसरातील महापालिकेच्या ताब्यातील प्रत्येक मैदानावर, जून ते जानेवारी, शाळेच्या दिवशी दुपारी साडेतीन ते साडेसहा ही वेळ पालिका व अनुदानित शाळांच्या संघांसाठी विनाशुल्क राखून ठेवावी. तिचे वेळापत्रक मैदानाच्या फाटकावर मराठीत लावावे. जी मैदाने देखभालीसाठी संस्थांकडे दिली आहेत, त्यांच्या करारातही ही अट घालावी. उत्सवासाठी मैदान दिल्यास अनामत रक्कम परत करण्यापूर्वी शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाने पाहणी करून सही करावी. शिवाजी पार्कजवळचा महात्मा गांधी स्मारक जलतरण तलाव तर महापालिकेचाच आहे. तिथे आठवड्यातील काही तास या मुलांना मिळावेत. अंधेरी आणि मुलुंडची क्रीडासंकुले उपनगरात आहेत आणि लालबागच्या मुलाला तिथे रोज जाणे परवडत नाही.

क्रीडाशिक्षकांविषयी थोडक्यात लिहितो, कारण आपल्या कार्यालयात याच्या फायली आधीपासून असणार. सहावी ते आठवीत शंभराहून अधिक मुले असलेल्या शाळेत आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा, असे त्याच अनुसूचीत आहे. प्रत्यक्षात सर निवृत्त झाले की पद रिकामे राहते आणि इतिहासाच्या बाई गळ्यात शिट्टी अडकवून संघ घेऊन जातात. त्यांच्या हौसेला आमचा नमस्कार, पण ऑफसाइडचा निर्णय त्यांच्याकडून अपेक्षित नाही. रिकामी पदे भरावीत. ती भरेपर्यंत चार-पाच शाळा मिळून एक मानधनी प्रशिक्षक द्यावा. महापालिकेचा 2025-26 चा अर्थसंकल्प 74 हजार कोटींच्या वर होता, तेव्हा निधी नाही हे उत्तर आम्हाला पटणार नाही.

आता एक बाब, जिच्याकडे बहुधा कोणाचे लक्ष गेलेले नाही. पालिकेच्या एकाच इमारतीत मराठी, हिंदी, उर्दू अशा माध्यमांच्या शाळा दोन अधिवेशनांत भरतात. प्रत्येकीचा यू-डायस क्रमांक वेगळा. एका शाळेत कबड्डीची पाच चांगली मुले, वरच्या मजल्यावर चार. मधल्या सुट्टीत ती एकत्र खेळतात, संघ मात्र कोणाचाच होत नाही, कारण प्रवेशिका शाळेच्या नावाने भरायची असते. त्यात पालिकेच्या बहुतेक शाळा सातवी-आठवीपर्यंतच्या. मुलगा हाताशी येतो तोवर दाखला घेऊन दुसरीकडे जातो आणि सतरा वर्षांखालील गटात पालिकेच्या शाळेचे नाव क्वचितच दिसते. एका इमारतीतील शाळांना संयुक्त संघ उतरवण्याची परवानगी जिल्हा क्रीडा कार्यालयाने द्यावी. यासाठी एक रुपयाही लागत नाही. प्रवेश शुल्क आणि संघाचा प्रवासखर्च मात्र महापालिकेने द्यावा. आज अनेक ठिकाणी तो शिक्षकांच्या खिशातून जातो.

मुले ‘उचलण्या’बद्दलही लिहिणे भाग आहे. पालिका किंवा अनुदानित शाळेतला एखादा मुलगा चमकला की मोठ्या शाळेचा निरोप येतो: फी माफ, किट मोफत. यावर बंदी घाला, शाळा बदलणाऱ्याला वर्षभर बाहेर बसवा, असे आमच्यातल्याच काहींचे म्हणणे होते. आम्ही ते मान्य केले नाही. सचिन तेंडुलकरही वांद्र्याची शाळा सोडून क्रिकेटसाठीच दादरच्या शारदाश्रममध्ये आला आणि फेब्रुवारी 1988 मध्ये आझाद मैदानावर विनोद कांबळीसोबत 664 धावांची अभेद्य भागी करून गेला. गुणी मुलाची वाट अडवून दुबळ्या शाळेचे भले होत नाही. चिंता पुढची आहे. खांदा दुखावला, फॉर्म गेला किंवा त्याच्याहून चांगला कोणी मिळाला की फीची सवलत संपते. नववीच्या मध्यात त्या मुलाला ना ही शाळा, ना ती. तेव्हा खेळाच्या जोरावर प्रवेश देणाऱ्या शाळेने दहावी होईपर्यंत, मुलगा खेळो न खेळो, सवलत कायम ठेवण्याचे लेखी हमीपत्र द्यावे आणि त्याची प्रत जिल्हा क्रीडा कार्यालयात जमा करावी. खेळाडूच्या ओळखपत्रावर त्याच्या आधीच्या शाळेचे नावही छापावे. ज्या सरांनी त्याला पहिल्यांदा मैदानात उतरवले त्यांच्या पदरी निदान तेवढे तरी पडेल.

असोसिएशनने आपल्या नियमांत दोन बदल करावेत, यासाठी आपण पुढाकार घ्यावा. क्रिकेटमध्ये नव्या आणि दुबळ्या संघांसाठी आधी पात्रता फेरी घ्यावी, म्हणजे त्यांना तुल्यबळांशी चार सामने मिळतील आणि जे जिंकतील ते मुख्य फेरीत येतील. षटकांच्या गतीचा धावांचा दंड पहिल्या फेऱ्यांत लावू नये. पंचांनी समज द्यावी, तेवढे पुरे.

हे सगळे हौसेखातर मागितलेले नाही. शालेय स्पर्धेतल्या प्रमाणपत्रावर दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात. शासकीय नोकरीत खेळाडूंना 5 टक्के समांतर आरक्षण आहे, पण त्याची वाटही शालेय स्पर्धेतूनच सुरू होते. ज्या मुलाला त्या नोकरीची सर्वाधिक गरज आहे त्याच्याच शाळेचा संघ उतरत नसेल, तर ते आरक्षण टर्फ असलेल्या शाळांनाच लाभते.

आपण महापालिकेचा शिक्षण विभाग, उद्यान विभाग, जिल्हा क्रीडा कार्यालय आणि असोसिएशन यांची संयुक्त बैठक पुढील हंगामाच्या प्रवेशिका सुरू होण्यापूर्वी बोलवावी आणि आमच्या पाच प्रतिनिधींना तीत म्हणणे मांडू द्यावे. संयुक्त संघाची परवानगी आणि मैदानांचे वेळापत्रक, या दोन बाबींचा आदेश तरी बैठकीची वाट न पाहता काढावा, ही विनंती.

आपले नम्र,
गिरगाव, दादर, परळ व लालबाग येथील पालक, माजी विद्यार्थी व क्रीडाशिक्षक
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)